तंबू रानाच्या काठाला, किनाऱ्यावर फक्त बसायला

गोव्यात समुद्राला टेकलेलं राष्ट्रीय उद्यान नाही. राज्यातलं एकुलतं एक राष्ट्रीय उद्यान मोल्याला, घाटाच्या पायथ्याशी, आणि तिथून समुद्र बराच लांब. पण रान आणि किनारा एकाच मुक्कामात हवे असतील तर काणकोण तालुक्यासारखी जागा नाही. डोंगराकडे खोतीगाव अभयारण्य, सुमारे ८६ चौरस किलोमीटर. समुद्राकडे गालजीबागचा किनारा, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. दोन्हींच्या मधून राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला गाडीने अर्धा-पाऊण तास पुरतो.

तंबू घेऊन येणारे बहुतेक जण तो थेट वाळूत ठोकायला बघतात. गालजीबागला हे करायचंच नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांची नावं कासवांच्या विणीच्या जागा म्हणून दिलेली आहेत. कासव स्वतः १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारण डोळ्यांसमोर असतं. मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत जागा शोधते. तंबूला सोयीची जागा नेमकी तीच. अंधारात तिला ताणलेली दोरी दिसत नाही, ती अडखळते आणि अंडी न घालताच मागे फिरते. पिल्लं निघायच्या दिवसांत तर तंबूतला एक दिवासुद्धा त्यांना समुद्राऐवजी तुमच्याकडे ओढतो. म्हणून झोपायचं रानाच्या काठाला. किनाऱ्यावर रात्री जायचं ते फक्त बसायला.

अभयारण्यातही मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. आत जायला वन खात्याची परवानगी लागते. विस्तव लावणं, हत्यार नेणं, फटाक्यांसारखी स्फोटक वस्तू वापरणं, या तिन्ही गोष्टींना कायद्यातली वेगवेगळी कलमं लागतात (३०, ३१ आणि ३२). राहायची सोय प्रवेशद्वारापाशी आहे, ती वन खात्याकडे आधी विचारून ठरवावी. तंबू स्वतःचाच हवा असेल तर अभयारण्याबाहेर, पैंगीण आणि खोतीगावच्या वाटेवर कुणाच्या तरी कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला किंवा भाटात (वाडीत) विचारावं. भाटकाराला, म्हणजे जमिनीच्या मालकाला, आधी भेटायचं, माणसं किती, रात्री किती वाजता बाहेर जाणार आणि कधी परतणार हे सांगायचं, आणि सगळ्यात आधी संडास वापरायला मिळेल का ते विचारायचं. हा प्रश्न लाजून मागे ठेवू नये. इथली जमीन चिऱ्याची. वीतभर खड्डा खणायला पहार लागते, त्यामुळे ‘कुठेतरी आडोशाला जाऊ’ हा बेत पहिल्याच सकाळी फसतो.

दिवस नोव्हेंबर ते मार्च. कासवं याच काळात येतात, रानात वाटा कोरड्या असतात. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा कोरडा वाटला तरी त्याच्या भरवशावर राहू नये. २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात ढगफुटीसारखा पाऊस झाला, दरडी कोसळल्या आणि नद्यांनी काही तासांत काठ सोडले. तळपण आणि गालजीबाग या दोन्ही नद्या लांबीला आखूड, घाटातून थेट समुद्रात येणाऱ्या. अशा नदीला फुगायला वेळ लागत नाही. वरच्या डोंगरात पाऊस पडत असताना खाली ऊन असू शकतं. पात्रातली सपाट, गुळगुळीत गोट्यांची जागा कितीही मोहात पाडो, तिथे तंबू नको. काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते बघा. गेल्या पावसात पाणी तिथपर्यंत आलं होतं.

जागा निवडताना आधी वर बघायचं. माडाखाली तंबू नको, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं, पण पोफळीचं कुणी धरत नाही. कुळागरात पोफळीची वाळकी झावळी बुंध्यासकट सुटते आणि सरळ खाली येते. तिच्या माराने तंबूचा फायबरचा दांडा सहज मोडतो. नारळ तर डोकंच फोडेल. काजूच्या झाडाखाली वरून पडण्यासारखं काही नसतं, पण मार्च-एप्रिलमध्ये बोंडू पडून कुजायला लागले की त्या वासावर रानडुकरं आणि उदमांजरं येतात. एरवी उघड्या, थोड्या उंच, काजूच्या कडेच्या जागेसारखी जागा नाही. कुळागरात पाट असतो. शिंपणाची पाळी रात्रीची असली तर पाणी मध्यरात्री सुटतं आणि तुमच्या पाठीखालून जातं. पाळी कधीची ते आधी विचारून घ्यावं.

मग खाली बघायचं. गवताची पट्टी दबून वाट झालेली असेल, शेणाचे मोठे थर दिसत असतील, दोन बोटांच्या खुरांचे तळहाताएवढे ठसे असतील, तर ती गव्यांची वाट. गवा गोव्याचा राज्यप्राणी, आणि खोतीगावच्या कडेच्या शेतांत रात्री तो नेमाने उतरतो. वाटेपासून निदान पन्नास पावलं बाजूला सरका. तंबू दिसल्यावर गवा हल्ला करायला येत नाही. पण वाटेत काही नवीन दिसलं की तो थबकतो, फुस्कारतो, आणि मागचा कळप त्याला ढकलत राहतो. तुम्ही त्या वेळी चेन उघडून टॉर्च मारलात तर पुढे काय होईल सांगता येत नाही. दिवसा समोर आला तर त्याचं अंग कसं आहे ते बघा. गवा आडवा उभा राहून पूर्ण कूस दाखवतो, मान खाली घेतो, पाठीची उंच रेघ ताठ करतो, तेव्हा तो ‘मी केवढा आहे ते बघ’ असं सांगत असतो. पाठ न फिरवता तिरकं मागे सरकायचं आणि त्याची पळायची बाजू मोकळी सोडायची. सुटा एकटा बैल आणि वासरू असलेली गाय, दोघांपासून अधिक लांब.

चिऱ्याच्या जमिनीत तंबूसोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या दोन घावांत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे आठ-नऊ इंची लोखंडी खिळे आणि वॉशर घ्या, दहा पुरतात. तेही जात नसतील तर दोरी चिऱ्याच्या मोठ्या तुकड्याला बांधा, पण दोरीला गाठ मारून दगड नुसता वर ठेवू नका, तो सरकतो. दोरी काटकीच्या मध्यावर बांधायची आणि दगड काटकीच्या पुढे, तंबूच्या बाजूला ठेवायचा. काटकी दगडाला अडते आणि ताण वाढला तरी निसटत नाही. नदीकाठच्या पुळणीसारख्या मऊ जमिनीत उलट प्रकार, तिथे खिळा लोण्यात जावा तसा जातो आणि तसाच निघतो. मग कापडी पिशवी वाळूने भरायची, दोरी तिच्या गळ्याला बांधायची आणि पिशवी फूटभर खोल पुरून वरून पायाने दाबायची.

तंबू दुहेरी कापडाचा असावा. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे इतकं दव पडतं की एकेरी कापड आतून पाझरतं आणि माणसाला वाटतं तंबू गळतोय. गळत नसतो, तुमच्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमलेली असते. वरचं कापड आतल्याला चिकटणार नाही इतकं ताणायचं आणि वरच्या खिडक्या थंडीतही उघड्या ठेवायच्या. दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री फिरून डोंगराकडून खाली वाहतो. दार पूर्वेला ठेवलं तर रात्रभर थंड झुळूक थेट तोंडावर येते. ते थोडं उत्तरेला किंवा दक्षिणेला फिरवावं. जाड स्लीपिंग बॅग इथे ओझं आहे. एक गोधडी आणि एक चादर, झालं.

चेन रात्री पूर्ण बंद. यात तडजोड नाही, आणि कारण बिबट्या नव्हे, मण्यार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश बरेचदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. दुसरा धोका चापड्याच्या जातीतल्या आखूड, नाकाशी वर वळलेल्या सापाचा. तो पाचोळ्याच्याच रंगाचा असतो आणि पाय पडेपर्यंत हलत नाही. भारतात मिळणारं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, या सापावर ते लागू पडत नाही. त्यामुळे रात्री लघवीला जातानासुद्धा टॉर्च आणि घोट्याच्या वर येणारे बूट. बूट तंबूच्या आत ठेवायचे, बाहेर ठेवलेच तर सकाळी उलटे करून आपटायचे. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठ्या, घड्याळ काढायचं, हात किंवा पाय फळी लावून स्थिर करायचा आणि १०८ ला फोन. काणकोणात सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, पुढे मडगावचं जिल्हा इस्पितळ, आणि त्याच्या वाटेत करमल घाट. हा हिशेब धरून गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावावी. खोतीगावच्या आतल्या वाड्यांवर मोबाईलला रेंज कुठे मिळते ते उजेडात शोधून ठेवायचं.

गोचीड ही गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. माकडताप, म्हणजे क्यासनूरचा आजार, गोचिडीतून येतो. २०१५ पासून सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण मिळाले, आणि शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही तो जुना आहे. हा आजार पसरवणारी गोचिडीची पिल्लं तिळापेक्षा बारीक, आणि त्यांचे दिवस नेमके सुकीचे, डिसेंबर ते मे. पाचोळ्यावर थेट बसायचं नाही, ताडपत्री घालायची. पँट मोज्यात खोचायची, रंग फिका, म्हणजे चढणारा ठिपका दिसतो. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे एकमेकांचं बघायचं. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ, सावकाश ओढायची. तेल, चुना, पेटती काडी असले उपाय केले की ती आणखी लाळ सोडते. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवायचं. आणि परतल्यावर आठवड्याभरात ताप चढला तर डॉक्टरला ‘रानात राहून आलो’ हे पहिलं वाक्य सांगायचं.

खाण्याचं सोपं ठेवावं. पर्यटन स्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात बंदी आहे, दंडही मोठा आहे. भाटकाराच्या अंगणात, त्याच्या परवानगीने, छोटा गॅस चालतो, पण गॅसचा डबा रेल्वेने किंवा विमानाने आणता येत नाही. न शिजवता चालणारं घ्या: पातळ पोहे, किसलेलं सुकं खोबरं, गूळ. माणशी एका वेळेला दीड वाटी पोहे, पाण्याचा हबका, दहा मिनिटं झाकून. सकाळी पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकू आला की पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घ्यायची, तिला संध्याकाळपर्यंत काही होत नाही. पाणी माणशी चार लिटर प्यायला आणि दोन लिटर धुवायला, भरूनच न्यावं. झऱ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसो, वर गुरं आणि गवे लोळलेले असतात. तेच प्यायची वेळ आली तर फडक्यातून गाळून खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवायचं.

अन्न झाडाला टांगायची युक्ती परदेशी अस्वलांसाठी ठीक, इथल्या माकडांपुढे ती म्हणजे आमंत्रण. चिमट्याच्या झाकणाचा स्टीलचा डबा, आणि डबा गाडीत. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको. माकड चेन उघडत बसत नाही, जाळी फाडतं.

किनाऱ्यावरच्या रात्रीसाठी आधी भरतीची वेळ काढा. अमावास्येपासून किंवा पौर्णिमेपासून मोजलेल्या तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता भरती, हा कोकणातला जुना हिशेब मुंबईकडचा. गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी लागते, म्हणून मुरगावच्या भरतीचं कोष्टक बघितलेलं चांगलं. इथे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला जेमतेम दोन मीटर, पण गालजीबागच्या उतारावर तेवढ्यात बसायची जागा जाते. वाळलेल्या शेवाळाची आणि कचऱ्याची जी वरची रेघ असते, तिच्या वर, सुरूच्या झाडांच्या कडेला बसावं. दिवसा त्याच सुरूंकडे मान वर करून बघा, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बसलेला असू शकतो. नदीच्या तोंडाशी मात्र पोहायला उतरू नका. ओहोटीला खाडीचं पाणी अरुंद जागेतून बाहेर पळतं आणि चांगला पोहणाराही त्याच्या उलट येऊ शकत नाही.

हंगामात वन खात्याने नेमलेले गावातलेच राखणदार किनाऱ्यावर फिरत असतात. गेल्या गेल्या त्यांना भेटायचं. ‘बाब, आम्ही बसूं?’ एवढं विचारलं तरी ते कुठे बसायचं ते दाखवतात, आणि त्यांनी सांगितलेली जागा आपल्या निवडीपेक्षा बरी असते. कपडे गडद. मोबाईल खिशात, बंद. लाल उजेडाची टॉर्च जवळ असू द्यावी, पण लावायची वेळ शक्यतो येऊ नये. अंधारात पंधरा-वीस मिनिटं काढली की डोळे सरावतात आणि ओली वाळू चांदण्यातही चकाकायला लागते.

कासव येतं तेव्हा आधी लाटेच्या फेसात एक काळा दगड दिसतो, जो मघाशी तिथे नव्हता. हा सगळ्यात नाजूक वेळ. कुणी उभं राहिलं, कुणी खोकत हललं, तरी ती परतते. बसल्या जागी बसायचं. ती वर सरकते, मधे थांबते, सुस्कारा टाकल्यासारखा श्वास ऐकू येतो. ऑलिव्ह रिडले एकाआड एक पाय टाकत चालते, त्यामुळे तिच्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर नसतात, तिरक्या पडतात. जागा पसंत पडली की पुढच्या पायांनी वरची सुकी वाळू उडवते आणि मग मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणायला लागते. मागचं एक वल्हं पेल्यासारखं वळतं, मूठभर ओली वाळू उचलतं, बाजूला ठेवतं, मग दुसरं. खड्डा दीडेक फूट खोल, तोंडाला अरुंद आणि तळाशी फुगीर, मडक्यासारखा. अंडी पडायला लागल्यावर ती आसपासचं फारसं मनावर घेत नाही. राखणदाराने बोलावलं तरच, मागच्या बाजूने, वाकून पुढे जायचं. डोक्याकडून कधीच नाही. अंडी साधारण शंभर, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची. घालून झाली की ती खड्डा बुजवते आणि पोटाचं कवच डावी-उजवीकडे आपटून वाळू बसवते. तो धप धप आवाज शांत रात्री लांबवर जातो. सगळं तासाभरात उरकतं.

यात बिघडतं ते माणसांमुळे. फ्लॅश, तिच्या वाटेत उभं राहून घेतलेला फोटो, पाठीवर हात ठेवणं. आणि नंतर ‘अंडी सुरक्षित आहेत का’ बघायला उकरणं. घातल्यानंतर काही तासांनी अंड्यातला गर्भ कवचाला वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं उलटं झालं तर गर्भ मरतो. अंडी हलवायची असली तर ते वन खात्याची माणसं लगेच, न फिरवता, हलवतात आणि भोवती कुंपण घालतात. पिल्लं निघायला ४५ ते ६० दिवस. नर की मादी ते वाळूच्या उष्णतेवर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात आणि काळोख्या रात्री सगळ्यात उजळ असतो तो समुद्र, अर्थात मागे कुणी हॅलोजन लावलेला नसला तर. पिल्लू उचलून पाण्यात सोडायचं नाही, ते वाळूवरून त्याने स्वतःच चालायचं असतं. वाट चुकलेलं दिसलं तर राखणदाराला हाक मारायची. वाळूतली पावलांची भोकंसुद्धा पायाने बुजवून टाका, बोटभर पिल्लाला ती विहीर होते आणि कुर्ल्या तिथेच टपून असतात.

परतीची गाडी रात्री एक-दोन वाजता निघते, आणि खरी जोखीम त्या अर्ध्या तासात आहे. गवा काळा, रस्ता काळा. हेडलाइटमध्ये आधी दिसतात ते त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. रस्त्याच्या कडेला खाली काही पांढरं हललं की गाडी थांबवा. खोतीगावच्या फाट्यापासून आत वेग तीसच्या वर नको, हॉर्न नको, आणि एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागे चार असतात.

सकाळी ऊन चढल्यावर तंबू वाळवूनच गुंडाळायचा. किनाऱ्यावरचे कपडे आणि चटई तंबूत आणलेली असेल तर मीठही आलेलं असतं, आणि चेनचा सरकता तुकडा दोन महिन्यांत हिरवा पडून अडकतो. घरी गेल्यावर चेन गोड्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासायची, सावलीत वाळवायची आणि वरून साधी मेणबत्ती फिरवायची. कपडे धुण्याआधी तासभर कडक उन्हात, घराबाहेरच.